रक्त वाढल्याची थाळी

आमच्या डॉक्टरबाई कुणाच्याही घरी गेल्या की आधी रांजणात डोकवायच्या आणि मग माणसांकडे बघायच्या. रांजणात डासांच्या अळ्या वळवळताना दिसल्या की संपलंच. पदर खोचून, दोन्ही हातांनी रांजण आडवा करायच्या आणि सगळं पाणी अंगणात. घरची बाई मागून ओरडायची, "अवं बाई, आत्ताच त भरलं नं जी!" बाई अगदी शांतपणे विचारायच्या, "आत्ताच भरलं, त मंग हे लेकरं कवा झाले याच्यात?"

एकदा एका सरपंचानं त्यांना मोठ्या हौसेनं पोळ्याच्या जेवणाला बोलावलं. बाई जरा लवकर पोचल्या, हीच चूक झाली. पंगत बसेपर्यंत त्यांनी रांजण, दोन माठ आणि न्हाणीतलं टाकं रिकामं करून ठेवलं होतं. गावातली मानाची माणसं पुरणाची पोळी घशात धरून पाण्याची वाट बघत बसली आणि सरपंचाची बायको घागर घेऊन विहिरीकडे पळाली. त्यानंतर त्या गावाच्या वेशीवर बाईंची लुना दिसली की पोरी गल्लीभर ओरडत सुटायच्या, "बाई आली वं, झाकणं टाका!" मला बाईंच्या वतीनं वाईट वाटायचं. बाईंना मुळीच वाटायचं नाही. म्हणायच्या, "शिव्या देत का होईना, झाकते नं? मंग झालं."

हे सगळं आरमोरीकडचं, ऐंशीच्या दशकातलं. मी रक्त-लघवी तपासायचा कोर्स करून चंद्रपूरहून नुकतीच आले होते. हातात सर्टिफिकेट होतं आणि आपल्याला सगळं येतं असा गोड गैरसमज होता. गावाबाहेर धानाच्या बांध्यांच्या काठाला एका संस्थेचा लहानसा बाळंतपणाचा दवाखाना होता. त्यात बाई एकुलत्या एक डॉक्टर, मोठ्या सिस्टर एकुलत्या एक नर्स, आणि लॅब म्हणजे मी. लॅबला एक खिडकी, एक सूक्ष्मदर्शक आणि नळीतलं रक्त निवळायला हातानं फिरवायचं एक यंत्र होतं. लाइट असली काय आणि नसली काय, आमचं काही अडत नसे.

बाईंनी माझी मुलाखत घेतली ती अशी. मला खुर्चीत बसवलं, दंडाला बीपीचा पट्टा बांधला, फुगवला आणि तसाच ठेवून स्वतः वर्तमानपत्र उघडून बसल्या. माझा हात आधी जड झाला, मग निळा, मग माझा राहिलाच नाही. मी चुळबुळ केली तर बाईंनी पान उलटलं. शेवटी एकदाचा पट्टा सोडला, भिंग घेतलं आणि माझ्या कोपराच्या खाली काहीतरी शोधलं.

"ठिपके नाई. नसा पक्क्या हायेत तुह्या," त्या म्हणाल्या. "दुखलं का?"

"हो," मी रागानंच म्हटलं.

"मंग पेशंटचा हात बांधशीन तवा ध्यानात ठेवजो. उद्यापासून ये."

या पट्ट्याचं बाईंना वेड होतं, आणि त्यामागे कारणही होतं. आमच्या जंगलपट्टीत ताप म्हणजे हिवताप, दुसरं नावच नाही. कुणी कण्हलं की त्याच्या तोंडात मलेरियाच्या गोळ्या. वरून येणारे साहेब लोकही तेच सांगून जायचे. बाईंना हिवतापाबद्दल काही म्हणायचं नव्हतं, तो घरोघरी होताच. पण त्या म्हणत, त्याच्या गर्दीत एक दुसराच ताप लपून बसतो. दिवसाढवळ्या चावणाऱ्या डासाचा, साठवलेल्या पाण्यात वाढणाऱ्या. पुस्तकात त्याला डेंग्यू म्हणतात. लोक हाडमोड्या ताप म्हणून विसरून जातात. या तापात रक्ताच्या बारीक नसा झिरपायला लागतात, म्हणून पट्टा आवळून ठेवला की हातावर लाल ठिपके उमटतात. मग काय, बाईंना जो जो तापलेला माणूस दिसे त्याचा दंड त्या आवळत.

एका उन्हाळ्यात आम्ही गडचिरोलीला निघालो होतो आणि एसटीच्या कंडक्टरनं डोक्याला टॉवेल गुंडाळलेला होता. बाईंनी विचारलं, "ताप हाय का गा?" तो बिचारा हो म्हणून बसला. बाईंनी पिशवीतून पट्टा काढला. ड्रायव्हरनं गाडी झाडाखाली लावली आणि इंजिन बंद केलं, कारण पुढे काय होतं ते त्यालाही बघायचं होतं. अख्खी एसटी कंडक्टरच्या हातावर वाकली. ठिपके उमटले! बाईंचा चेहरा असा फुलला की त्या कंडक्टरला आपल्याला काहीतरी बक्षीस लागलं असंच वाटलं असणार. मग मागच्या सीटवरून एक म्हातारी पुढे आली, तिनं त्याचा हात उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाली, "घामोळं हाय हे. पाठीवर बी असन." शर्ट वर केला. पाठीवर बी होतं. बाईंनी पट्टा गुंडाळून पिशवीत कोंबला आणि मला हसू दाबून दाबून उचकी लागली.

बाई उंचीनं माझ्या खांद्याइतक्या. साडीवरून पुरुषाचा पूर्ण बाह्यांचा शर्ट घालत, मनगटापर्यंत बटणं लावून, अगदी मे महिन्यातसुद्धा. पायात मोजे आणि कॅनव्हासचे बूट. नव्या पेशंट त्यांना कंपाउंडर समजत आणि "डॉक्टर कुठी हाय?" म्हणून त्यांनाच विचारत. सिस्टर एकदा म्हणाल्या, बाई, हा शर्ट बरा नाही दिसत. बाई म्हणाल्या, "मच्छराले दाखवाले नाई घालत मी, त्याच्यापासून लपाले घालतो." असं बोलताना त्या मधूनच पुरुषासारखं 'घालतो', 'जातो' म्हणून जायच्या. तिकडच्या बोलीत बाया असंच बोलतात.

त्यांचे वडील ब्रह्मपुरीकडे शाळामास्तर होते. छप्पन्न सालच्या धर्मांतरानंतर घरातून देव, नवस, उतारे, नजर या साऱ्यांना कायमची रजा मिळाली होती. बाईंच्या टेबलावर एक छोटी बुद्धमूर्ती आणि तिच्यापासून हातभर अंतरावर काचेच्या बाटलीत डासांच्या अळ्या. येणाऱ्या प्रत्येकाला ती बाटली हलवून दाखवल्याशिवाय त्या सोडत नसत. लग्न केलेलं नव्हतं. कुणी लेकरांची चौकशी केली तर बाटली पुढे करायच्या. आणि कुणा गरोदर बाईच्या दंडावर ताईत दिसला की कात्री मागायच्या. "मी औषध देतो अन् नाव त्याचं होते," असं त्यांचं म्हणणं.

सूक्ष्मदर्शकावर बसल्या की मात्र बाई वेगळ्याच व्हायच्या. आवाज मऊ व्हायचा. काचपट्टीवरच्या रक्ताशी बोलायच्या: "काय वं, इतकी फिक्की काऊन? जेवली नाई?" आणि गुणगुणायच्या. काय गुणगुणतात ते आम्हाला कधी कळलं नाही, कारण सूर नव्हताच. पांढऱ्या पेशी, तांबड्या पेशी असं मी शिकून आले होते. बाईंकडे त्या बारक्या पेशींना, ज्या रक्त थांबवायचं काम करतात, 'कण्या' म्हणत. कांडलेल्या तांदळात कण्या दिसतात तशा त्या दिसतात म्हणून. "कण्या पाह्य आधी," असं मला रोज ऐकावं लागे. मी कोर्समध्ये शिकलेला शब्द वापरला की बाई ऐकूच आलं नाही असं दाखवत. शेवटी मीही कण्याच म्हणायला लागले, अजून तोंडात तेच येतं.

आता थाळीचं सांगते. आमच्या भागात काही घरांत पोरगा झाला की थाळी वाजवायची रीत होती. बाईंना त्या थाळीचा भारी राग. "पोरगा झाला त्याच्यात मायनं का केलं? रक्त वाढवलं त ते तिनं केलं. त्याच्यासाठी वाजवा." म्हणून त्यांनी दवाखान्याच्या व्हरांड्यात एक पितळी थाळी टांगली होती. गरोदर बाई तपासणीला आली की मी तिच्या बोटातून थेंबभर रक्त घ्यायची, काचेच्या नळीत टाकून थेंब थेंब पाणी घालत खिडकीच्या उजेडात शेजारच्या तपकिरी काचेशी रंग जुळवायची आणि हिमोग्लोबिनचा आकडा सांगायची. मागच्यापेक्षा आकडा वाढला की त्या बाईनं, किंवा तिच्या माणसानं, व्हरांड्यात जाऊन थाळी बडवायची.

तिकडच्या बाया मुळातच रक्तानं फिक्या. त्यात गरोदरपणात रक्तातलं पाणी वाढतं आणि रक्त आणखी पातळ होतं. बाई हे सगळ्यांना समजावून सांगत: "डाळ तेवढीच, पाहुणा आला म्हणून पाणी वाढवलं. मंग डाळ पातळ नाई होणार? म्हणून गोळी खाय, भाजी खाय, डाळ घट्ट कर." बायांना ते पटलं. थाळीसाठी त्यांच्यात चढाओढ लागली. समोरच्या चहाच्या टपरीवरचे पुरुष थाळी ऐकू आली की कप खाली ठेवून विचारत, "कोनाची वाढली आज?" ज्याच्या बायकोची वाढली असेल तो त्या दिवशी मिशीवर हात फिरवत घरी जाई.

पारबताबाई आपल्या सुनेला, वनिताला, घेऊन आली ती ही थाळी ऐकूनच. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं असतं, पण वनिताला आई नव्हती. पारबताबाईचा एकुलता एक मुलगा माजरीच्या कोळसा खाणीत कामाला, आणि ही स्वतः विधवा, रोवणी-कापणीची कामं करणारी, आवाजानं खणखणीत. तिनं पहिल्याच दिवशी बाईंना सांगून टाकलं, "मीच तिची माय, मीच तिची सासू. शिव्या द्याच्या असन त मले द्या." वनिताची पापणी ओढून पाहिली तर पांढरीफटक. बाईंनी लोहाच्या गोळ्या दिल्या. पारबताबाईनं त्यावर आपलं चालू केलं: अंबाडीची भाजी, गूळ-फुटाणे आणि भाजलेली मोहफुलं तिळासोबत कुटून केलेले लाडू. वनिता हळूच मला म्हणायची, "ताई, आता मीच लाडू झाली." पण आकडा हळूहळू वर सरकत होता. नवावर आला तेव्हा पारबताबाईनं थाळी अशी बडवली की टपरीवाला स्वतः बघायला आला.

श्रावणात वनिता नवऱ्याकडे माजरीला राहून आली. तिथल्या चाळीत नळाला रोज पाणी नसायचं, म्हणून दारोदार ड्रम भरलेले. पोळ्यानंतर परत आली ती ताप घेऊनच. अंग असं दुखत होतं की तिला कूस बदलता येईना. पारबताबाईनं मलेरियाच्या गोळ्या दिल्या, दुकानातून अंगदुखीची पुडी आणून दिली, आणि ताप उतरला त्या सकाळी आनंदानं तिला दवाखान्यात घेऊन आली. "ताप त गेला जी. फक्त पोट दुखते म्हणते अन् ओकारी होऊन राह्यली. रक्त पाहून घ्या एकदा."

बाई आत एका बाळंतिणीजवळ होत्या. सिस्टरनी वनिताला माझ्याकडे पाठवलं. मी थेंब घेतला, रंग जुळवला. आकडा बारा. इथल्या गरोदर बाईचा बारा मी तोवर पाहिलाच नव्हता. पुन्हा जुळवून पाहिला, बाराच. खिडकीतून पारबताबाईचं डोकं आत आलं होतं. "किती?" मी सांगितलं. तिनं पुढचं ऐकलंच नाही. व्हरांड्यात थाळीचा असा दणदणाट झाला की टपरीवरून टाळ्या पडल्या. सिस्टर हसत बाहेर आल्या. ताप गेला आणि रक्त वाढलं, एकाच दिवशी दोन दोन शुभ गोष्टी. पारबताबाई कमरेच्या पिशवीतून लाडू काढून वाटायला लागली.

तेवढ्यात आतलं दार धाडकन उघडलं. बाई हातमोज्यांसकट बाहेर आल्या. "कोनाची वाढली?"

"माह्या सुनेची! बारा!"

"बंद कर," बाई ओरडल्या. "बंद कर ती थाळी!"

पारबताबाईचा हात वरच राहिला. बाई वनिताजवळ गेल्या. मग मलाही दिसलं, जे आधीच दिसायला हवं होतं. डोळ्यांखाली सूज, ओठ कोरडे, हात गारठलेले. बाईंनी नाडीवर बोटं ठेवली आणि बराच वेळ काढली नाहीत.

"तापात पडली, चार घास पोटात नाई, पाणी पेली नाई. अन् रक्त नवाचं बारा झालं. कुठून आलं वं? बाजारातून आणलं?" त्या कुणालाच उद्देशून बोलत नव्हत्या. मग पारबताबाईकडे वळल्या, आणि आवाज खाली आणला. "ऐक. डाळ घट्ट झाली म्हणून डाळ वाढली असं नसते. चुलीवर ठेवून पाणी आटवलं तरी घट्टच होते. हिच्या रक्तातलं पाणी नसांतून झिरपून पोटात चाललं. उरलं ते घट्ट. हे वाढणं वाईट हाय."

पट्टा बांधला. तो सोडायच्या आधीच हातभर लाल ठिपके. घामोळं नव्हे. बाई सूक्ष्मदर्शकावर बसल्या आणि त्या दिवशी गुणगुणल्या नाहीत. मला जागा देऊन म्हणाल्या, "कण्या शोध." मी पट्टी सरकवत राहिले. एका कोपऱ्यात एक दिसली, मग कितीतरी वेळ काही नाही. पांढऱ्या पेशीही तुरळक. आणि हिवतापाचा जंतू कुठेच नव्हता.

तेवढ्यात वनितानं पोट धरलं. पोट दगडासारखं आवळून आलं होतं. कळा.

बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं ते साधं होतं. आठवा संपतोय, लेकरू जगेलही. पण रक्त थांबवणाऱ्या कण्याच नाहीत, आत्ता बाळंत झाली तर हिचं रक्त थांबणार नाही. वैनगंगेला पूर होता, ब्रह्मपुरीकडचा रस्ता बंद, आणि रस्ता असता तरी नागपूरपर्यंतच्या हादऱ्यांत गाडीतच बाळंत झाली असती. जे करायचं ते इथंच. बाईंनी हेच पारबताबाईलाही सांगितलं, एक शब्द न लपवता. मला वाटलं ती रडेल, ओरडेल. ती भिंतीला पाठ टेकून बसली आणि म्हणाली, "हिची माय असती त तिनं काय केलं असतं, ते सांगा. मी करतो."

"पेज कर," बाई म्हणाल्या. "पातळ, मीठ टाकून. अन् घोट घोट पाजत राह्य."

दुकानातली पुडी बाईंनी चुलीत टाकली. त्यातल्या औषधानं रक्त थांबायला अजून वेळ लागतो. पारबताबाई सारखी म्हणे, "एखादी सुई मारा नं जी." बाई म्हणत, "सुई मारली त मांसात रक्त साकळन. सुई न मारणं हेच औषध हाय." शिरेतून सलाइन चालू केलं, तेही थेंब मोजून, कमी पडलं तर नाडी जायची, जास्त झालं तर छातीत पाणी भरायचं. बाई स्टुलावर बसून वनिताच्या पाठीला स्टेथोस्कोप लावून ऐकत बसायच्या. कळा थांबवायचं औषध दिलं. आणि मग मी बाईंना असं काही करताना पाहिलं की सिस्टर आणि मी एकमेकींकडे बघतच राहिलो. त्या वनिताच्या पोटावर वाकल्या आणि दटावून बोलल्या:

"ए पाहुण्या. ऐकून घे. तुही जागा आतच हाय अजून. मायले सांभाळू दे आधी. मी म्हणीन तवाच बाहेर याचं. त्याच्या आधी पाय काढला त याद राख."

वनिता अर्धवट ग्लानीत हसली. पारबताबाईनं मात्र हात जोडले.

कळा मंदावल्या. पण रक्त घट्टच राहिलं. मी पुन्हा पुन्हा वनिताच्या बोटाशी जायची आणि टोचलेली जागा दाबून धरून बसायची, कारण तेवढंसं रक्तही लवकर थांबत नव्हतं. दर वेळी खिडकीतून पारबताबाईचा आवाज यायचा, "पातळ झालं का वं?" मी मान हलवायची. तपासणीला आलेल्या इतर बायांना काही कळेना. एक तर आपल्या नवऱ्याला घाबरून म्हणाली, "हे बुढी आपल्या सुनेचं रक्त कमी व्हाची वाट पाहून राह्यली!"

तिसऱ्या दिवशी दुपारी वनितानं सिस्टरला हळूच सांगितलं, लघवीला जायचंय. बाई टुणकन उठल्या. नसांतून बाहेर गेलेलं पाणी परत येत होतं. मी धावत जाऊन नळी जुळवली. साडेदहा. खिडकीत पारबताबाईचं डोकं होतंच. मी म्हटलं, "उतरलं!" ती बिचारी थाळीकडे बघत घुटमळली, कारण उतरल्याची थाळी वाजवायची असते की नाही हे तिला माहीत नव्हतं. बाईंनी तिच्या हातातला दांडा घेतला आणि स्वतः थाळी बडवली.

टपरीवरून नेहमीचा प्रश्न आला, "कोनाची वाढली?"

"वाढली नाई गा, कमी झाली!" पारबताबाई ओरडली.

टपरीवाला गाळणी हातात घेऊनच रस्त्यापर्यंत आला. मग कुणीतरी म्हणालं, "बाईचं डोस्कं फिरलं वाटते." दुसऱ्या दिवसापासून काचपट्टीवर कण्या दिसायला लागल्या, आधी तुरळक, मग मूठमूठ, आणि बाई इतक्या बेसूर गुणगुणल्या की मला ते गाणं आयुष्यात पहिल्यांदा गोड वाटलं.

वनिता घरी गेली. दसरा झाला, दिवाळी तोंडावर आली. धान कापणीला आलं. दिवस भरले आणि उलटून गेले. आणि लेकरू काही बाहेर येईना.

एका सकाळी पारबताबाई वनिताला बैलबंडीत घालून दवाखान्यात हजर. बंडीतून उतरायच्या आधीच तिनं सुरू केलं. "बाई, तुमी याले बांधलं, तुमीच सोडा."

"काय बांधलं?"

"तुमी म्हणलं नं, मी म्हणीन तवाच बाहेर याचं. ते बसलं ऐकत. तुमच्यावानीच हट्टी दिसते. आता म्हणा, ये म्हणून."

बाईंचा चेहरा मी कधी विसरणार नाही. जिनं आयुष्यभर भगतांचे ताईत कात्रीनं कापले, तिला कुणीतरी भगत करून टाकलं होतं. "मी का मांत्रिक हाय? पोटातल्या लेकराले काय समजते? मी ते हिले धीर द्याले म्हणलं होतं." पारबताबाई म्हणाली, "मंग आताबी धीर द्याले म्हणा." सिस्टर औषधांच्या कपाटात तोंड खुपसून हसत होत्या. मी तर उघडच हसत होते.

बाई तावातावानं आत गेल्या, वनिताला तपासलं, बाळाचे ठोके ऐकले. सगळं ठीक होतं, फक्त कळा नव्हत्या. मग वनिता बोलली. ती फारशी बोलत नसे. म्हणाली, "बाई, मले भेव लागते. बाहेर आलं अन् रक्त थांबलं नाई त? म्हणून मीच त्याले मनात म्हणतो, थांब, थांब."

माझं हसू तिथंच संपलं. बाई तिच्याकडे बघत राहिल्या. तीच भीती त्यांच्याही मनात होती, हे मला माहीत होतं; कण्या कधीच्याच भरून आल्या होत्या, तरी दर आठवड्याला वनिताच्या घरी जाऊन काचपट्टी करून आणायला त्या मला पिटाळत होत्या. त्यांनी दार लोटून घेतलं, जणू बाहेर अख्खा जिल्हा उभा आहे. मग वनिताच्या पोटावर वाकल्या.

"पाहुण्या," त्या म्हणाल्या, आणि घसा खाकरला. "माह्या सांगण्यानं बसला असशीन त माफ कर बाप्पा. तुही माय आता पक्की झाली हाय. मी सोता पाह्यलं. ये आता."

दुसऱ्या दिवशी सकाळी कळा सुरू झाल्या. बाईंनी आम्हा दोघींना बजावलं, "कळा आपल्या आपण आल्या. बाहेर कोनाले काई सांगाचं नाई." बाहेर पारबताबाईनं आधीच बस स्टँडपर्यंत सांगून टाकलं होतं.

दुपारच्या उन्हात पोर बाहेर आलं ते किंचाळतच. सिस्टरनी ते पुसून फडक्यात घेतलं, पारबताबाई दाराची मर्यादा विसरून आत घुसली, सगळ्यांचे डोळे त्या लाल इवल्या तोंडावर. बाईंचे नव्हते. वार पडली होती. बाईंचा एक हात वनिताच्या पोटावर दाबलेला होता आणि दुसऱ्या मुठीत काचेची नळी, तिच्यात वनिताचं थोडं रक्त. अशी नळी मुठीच्या उबेत धरून ठेवायची आणि मग तिरकी करायची. रक्त ओघळलं तर माणूस हातचा गेला म्हणायचं, जागच्या जागी राहिलं तर वाचला. तपासायची काही गरज नव्हती. तरी मी त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले. मागे पोर टाहो फोडत होतं, पारबताबाई मोठमोठ्यानं काहीतरी सांगत होती, आणि आम्ही दोघी त्या नळीकडे बघत होतो.

बाईंनी नळी तिरकी केली. मग आडवी केली. मग चक्क उलटी धरली. रक्त हललं नाही.

"धरलं," बाई म्हणाल्या. वनिताच्या खालची चादर पाहिली, जेवढी भिजायची तेवढीच भिजलेली. मग त्या स्टुलावर बसल्या, शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले, नाकही पुसलं, आणि जणू आत्ताच खोलीत आल्यासारखं विचारलं, "काय झालं वं? पोरगा का पोरगी?"

"पोरगी!" पारबताबाई वैतागून म्हणाली. "मघापासून बोंबलून राह्यली मी, पोरगी झाली, पोरगी झाली. तुमी कुठी होत्या?"

बाई इतक्या जोरात हसल्या की ती पोरगी दचकून पहिल्यांदा गप्प झाली.